गडबड हाय काय?

८ नोव्हेंबर, रात्र

कोल्हापूरची महालक्ष्मी एक्सप्रेस कल्याणला जेमतेम टेकते, त्यामुळे चढतानाची रेटारेटी मला मान्य आहे. वीस वर्षं डोंबिवलीहून लोकलने नोकरीला जाणारी बाई मी. गाडीत चढणं हे काम मी नम्रपणे कधीच केलेलं नाही. पण एकदा आत शिरल्यावर, प्रत्येकाच्या नावावर बर्थ असताना, मागच्या माणसाने ‘चलो, चलो’ करत माझ्या पोटरीवर सुटकेसची चाकं का घालावीत? त्याचा बर्थ पळून जाणार होता?

नवरा म्हणतो, माझ्या मोबाईलमध्ये किराण्याच्या यादीपेक्षा ‘डोक्यात जाणाऱ्या गोष्टी’ ही यादी मोठी आहे. खरं आहे. लिफ्टमधली माणसं बाहेर पडायच्या आधी आत घुसणारे. पाठीला पोट टेकवून रांगेत उभे राहणारे. दवाखान्यात ‘फक्त एक विचारायचंय’ म्हणून आत जाऊन पंधरा मिनिटं बाहेर न येणारे. मी ही यादी कुणाला दाखवत नाही, पण लिहिलं की बरं वाटतं.

आज भर पडली ती खालच्या बर्थवरच्या जोडप्याची. मालिका चालू, आवाज पूर्ण, इयरफोन नाही. रात्री दहानंतर मोठ्याने बोलायचं, गाणी लावायची नाहीत, असा रेल्वेचाच नियम आहे. मधला बर्थ रात्री दहा ते सकाळी सहा उघडता येतो, हाही नियम आहे. माझा मधला होता. साडेदहाला मी दोन्ही नियम हसत हसत सांगितले. बाई म्हणाल्या, ‘‘थोडं अ‍ॅडजस्ट करा ना मॅडम, शेवटचाच एपिसोड आहे.’’ अ‍ॅडजस्ट हा शब्द नेहमी ज्याची सोय होणार असते तोच वापरतो, हे माझं जुनं निरीक्षण आहे. सव्वाअकराला मालिकेतली सासू गप्प झाली आणि मी झोपले.

९ नोव्हेंबर

मिरज सुटल्यावर डबा उठला. हातकणंगलेला अर्धा डबा दारात. रुकडीजवळ पंचगंगेचा पूल आला तेव्हा मधल्या वाटेत बॅगा, पोरं, पाण्याच्या बाटल्या आणि ‘जरा पुढे सरका हो’ यांचा एकच लगदा झाला होता. आता गंमत अशी, की कोल्हापूर हे शेवटचं स्टेशन आहे. तिथून पुढे रूळच नाहीत. गाडी थांबते आणि थांबूनच राहते. मी मुद्दाम खिडकीशी बसून राहिले. सगळे उतरून गेल्यावर आरामात उतरले तर फलाटावर पुलाच्या जिन्याशी तीच मंडळी पुन्हा भेटली, एकमेकांना ढकलत. मी त्यांच्याबरोबरच बाहेर पडले.

नवऱ्याची मावशी मंगळवार पेठेत राहते. दरवर्षी ती फोनवर म्हणते, ‘‘किरणोत्सवाला या की गं एकदा.’’ यंदा आलो. अंबाबाईचं देऊळ पश्चिमाभिमुख. वर्षातून दोनदा मावळतीचं ऊन महाद्वारातून थेट गाभाऱ्यात जातं. ९, १० आणि ११ नोव्हेंबर, आणि पुन्हा ३१ जानेवारी, १ आणि २ फेब्रुवारी. नोव्हेंबरात दक्षिणेकडे निघालेला सूर्य जानेवारीअखेर परतताना त्याच जागी येतो, म्हणून दोनदा. परंपरेने सांगतात ते असं: पहिल्या दिवशी किरणं देवीच्या पायांवर, दुसऱ्या दिवशी छातीपर्यंत, तिसऱ्या दिवशी चेहऱ्यावर.

स्टेशनवरून घेतलेली रिक्षा म्हणजे चाकांवरचा देव्हारा होता. झालर, आरसे, आत निळा दिवा, मागे ‘आईचा आशीर्वाद’. इथे रिक्षांच्या सौंदर्यस्पर्धा होतात, ते उगाच नाही. दसरा चौकात सिग्नल लागला. उलटे आकडे पडत होते, साठ, एकोणसाठ. चाळिसाच्या आसपास मागच्यांनी हॉर्न सुरू केले. मग आमच्या रिक्षावाल्यानेही. त्याच्या पुढे तर कुणीच नव्हतं!

‘‘दादा, हॉर्न वाजवून सिग्नल लवकर सुटतो का?’’

‘‘सुटत न्हाई ओ ताई. पण हात राहत न्हाई.’’

मग स्वतःच हसला आणि चौकातल्या शाहू महाराजांच्या पुतळ्याकडे हात करून म्हणाला, ‘‘ह्याच चौकात मी शंभर सेकंद हुबा होतो, माहीत हाय? हॉर्न न्हाई, काय न्हाई.’’ ६ मे २०२२ ची गोष्ट. राजर्षी शाहूंच्या निधनाला त्या दिवशी शंभर वर्षं झाली. सकाळी दहा वाजता शंभर सेकंद कोल्हापूर जागच्या जागी थांबलं होतं. ‘‘रिक्षा बंद केली, खाली उतरलो. समोरनं बस, तिचा डायव्हर खाली. भाजीवाली हातात काटा घेऊन हुबी. पाखरांचा आवाज यायला लागला ओ चौकात!’’ तेवढ्यात सिग्नल हिरवा झाला. त्याने पुन्हा हॉर्न वाजवला आणि निघालो.

मावशी दारातच. सत्तरी ओलांडलेली, आवाज असा की पेठेला वेगळा भोंगा नको. कोल्हापुरातल्या बायका स्वतःबद्दल ‘मी येतो, मी जातो’ बोलतात हे ऐकून माहीत होतं, पण मावशीच्या तोंडून ऐकताना मजा येते. ‘‘मी सकाळपासनं वाट बघतो तुमची! आत या. आंघोळ करा. गडबड हाय काय?’’

हा प्रश्न पुढचे तीन दिवस मला इतक्या लोकांनी विचारला की शेवटी मी मोजणं सोडलं. आमच्याकडे गडबड म्हणजे गोंधळ, आवाज. इथे गडबड म्हणजे घाई. घाईला हा शब्द ज्याने लावला त्याला माणसं कळत होती.

दुपारी मिसळ खायला गेलो. कुठे, ते सांगत नाही, कारण मला जे डोक्यात गेलं त्यात त्या बिचाऱ्याचा दोष नाही. सुट्टीचे दिवस, बाहेरच्या गाड्यांचे नंबर, आत बारा टेबलं. आम्ही बसलो आणि दोन मिनिटांत माझ्या खुर्चीच्या पाठीवर कुणाचा तरी हात आला. वळून बघितलं तर सहाजणांचं कुटुंब, आमच्या टेबलाभोवती कडं करून. त्यातली मुलगी माझ्या ताटलीकडे बघत आईला म्हणाली, ‘‘यांचं अर्धं झालंय.’’ अर्धं! मी अजून कट मागवायचा विचार करत होते. घास गिळेना.

वाढणाऱ्या पोराने ते पाहिलं. हातात रश्श्याचं भांडं, खांद्यावर पंचा. सरळ त्या गृहस्थांना म्हणाला, ‘‘ओ पाव्हणं, मागं व्हा. खाणाऱ्याच्या ताटात बघू ने.’’

गृहस्थ चिडले. ‘‘एक्स्क्यूज मी, ही काय बोलायची पद्धत झाली?’’

‘‘बोलायची माझी चुकली. बघायची तुमची चुकली. बाहेर बाकडं हाय, तिथं बसा, मी हाक मारतो.’’ आणि जाता जाता माझ्या ताटलीत न मागता कट ओतून गेला.

मला हे मनापासून आवडलं, आणि थोडं लागलंही. कारण त्याआधी वीस मिनिटं मी स्वतः एका म्हाताऱ्या जोडप्याच्या टेबलापासून चार फुटांवर उभी होते. हात लावला नव्हता खुर्चीला. पण बघत होतेच की! ते आजोबा ब्रेडचा तुकडा रश्श्यात बुडवून, निथळू देऊन, मग तोंडात घालत होते, आणि दर तुकड्याला मी मनात ‘आवरा’ म्हणत होते.

संध्याकाळी पाचपासून देवळाच्या आवारात. महाद्वार रोडवर मुंगीला वाट नव्हती. आत दर्शनाची रांग वळसे घेत गेलेली, त्यात एक माणूस अकरा जणांची जागा धरून. ‘आम्ही इथेच होतो, चहाला गेलो होतो’ असं सांगत एकेक जण रांगेत शिरत होता. आमच्या डोंबिवलीत शेअर रिक्षाच्या रांगेत हे केलंत तर रात्रीपर्यंत स्टेशनवरच उभे राहाल. मी मोठ्या तोऱ्यात नवऱ्याला हे सांगितलं. तो म्हणाला, ‘‘आणि लोकलमध्ये रुमाल टाकून जागा कोण धरतं?’’ मी विषय बदलला.

गाभाऱ्यापर्यंत पोचायचं नव्हतंच. आवारातल्या पडद्यावर दिसतं, तिथे उभे राहिलो. पावणेसहाच्या सुमारास पडद्यावर गाभाऱ्याच्या उंबऱ्याशी पिवळी तिरीप दिसली आणि त्याच क्षणी माझ्यासमोर शे-दीडशे मोबाईल वर गेले. पडद्याचे फोटो काढायला. मला देवीचे पाय दिसले ते एका अनोळखी माणसाच्या मोबाईलमधल्या पडद्यात. टाचा उंच करून, मान वाकडी करून मी ‘‘एक्स्क्यूज मी, जरा खाली घेता का प्लीज’’ असं तीनदा म्हटलं. कुणाला ऐकूही गेलं नाही.

मग शेजारून मावशीचा आवाज निघाला. ‘‘ए! हात खाली! देवीला बघायला आलायसा का मोबाईलला? मागं म्हाताऱ्या बायका हाईत!’’

आणि खरंच, ओळीने हात खाली आले. एक तरुण तर वळून ‘‘सॉरी काकी’’ म्हणाला, बाजूला झाला आणि मावशीला पुढे घेतलं. मावशीने मला ओढलं, मी नवऱ्याला. पुढे पोचलो तोवर तिरीप विझली होती.

१० नोव्हेंबर

पन्हाळा. शहरापासून वीसेक किलोमीटर. मावशीच्या मुलाने गाडी दिली, नवरा चालवायला. ‘‘तीनला निघा तिकडनं, म्हंजे पाचला देवळात’’ असं मावशीने बजावलं होतं.

गडाचं वर्णन करत बसत नाही. तीन दरवाजा, सज्जाकोठी, अंबरखान्याची गंगा-यमुना-सरस्वती ही तीन धान्यकोठारं, सगळं पाहण्यासारखंच आहे. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोच्या यादीत मराठ्यांचे जे १२ किल्ले गेले त्यात पन्हाळा आहे. सज्जाकोठीवर एक मुलगा दगडावर बदामाचं चित्र कोरत होता. मी म्हटलं, ‘‘अरे, हे जागतिक वारसास्थळ आहे.’’ तो म्हणाला, ‘‘म्हणूनच तर.’’

अंबरखान्यात उन्हातून आत शिरलं की अंगावर गारवा येतो. १६६० साली सिद्दी जौहरचा वेढा मार्चपासून जुलैपर्यंत होता. पावसाळा लागला तरी उठला नाही. मग शिवा काशीद पालखीत बसले, महाराज विशाळगडाच्या वाटेला लागले आणि घोडखिंडीत बाजीप्रभू उभे राहिले. ही गोष्ट लहानपणापासून पाठ. पण गोष्टीत वेढ्याचे चार महिने एका वाक्यात संपतात. त्या भिंतींना टेकून उभं राहिल्यावर पहिल्यांदा वाटलं, रोज सकाळी उठून हे लोक करत काय असतील? किती धान्य उरलंय ते कोण मोजत असेल? तेवढ्यात बाहेर पार्किंगवरून दोन गाड्यांत जुंपली आणि मी भानावर आले.

जेवायला झुणका-भाकर. चुलीपाशी एक बाई, तिच्यासमोर दहा गिऱ्हाइकं. ‘‘और कितना टाइम?’’ कुणी तरी विचारलं. ती भाकरी थापतच होती. वर न बघता म्हणाली, ‘‘तवा एकच हाय.’’

उतरताना रस्त्याच्या कडेला गुऱ्हाळ दिसलं. नोव्हेंबर म्हणजे गळीत हंगाम. साखर कारखाने पेटलेले आणि गुऱ्हाळंही. तीन वाजले होते. ‘‘पाच मिनिटं थांबू’’, नवरा म्हणाला.

मला गुऱ्हाळ म्हणजे फक्त वाफ आणि गोड वास, एवढंच माहीत. मोठ्या काहिलीत रस उकळत होता, खाली चुलवाणात वाळकी चिपाडं सरकवली जात होती. गुळव्या काहिलीच्या काठाशी उभा. उघडा, कमरेला टॉवेल, हातात लांब दांड्याचा झारा. भेंडीच्या झाडाचा चिकट रस घातला की मळी फेसाबरोबर वर येते. ती तो झाऱ्याने अशी काढत होता की खालचा रस हलतही नव्हता. एका आदणाला दोन-अडीच तास जातात म्हणाला. हिरवट-काळा रस पिवळा झाला, मग तांबूस, मग बुडबुडे लहानाचे मोठे आणि जड झाले. एकेक बुडबुडा फुटताना ‘फप्’ असा आवाज. त्याने थोडा पाक काढून थंड पाण्याच्या वाटीत टाकला, बोटांनी गोळी वळली, वाटीच्या कडेवर आपटली. टण् वाजली नाही. पुन्हा झारा. पुन्हा वाटी.

एक मोठी गाडी येऊन थांबली. इंजिन चालूच. काच खाली. ‘‘काका, गूळ मिळेल? जरा पटकन, निघायचंय.’’

‘‘पटकन पायजे तर दुकानात हाय की’’, गुळव्या म्हणाला. त्याचं लक्ष बुडबुड्यांवर. गाडी गेली. मला हसू आलं आणि मी मोबाईल काढून फोटोसाठी पुढे वाकले.

‘‘मागं सरा!’’ असा ओरडला की माझा मोबाईल हातातून सुटता सुटता राहिला. ‘‘पोळला म्हंजे? तोंड बघायला जागा ऱ्हाणार न्हाई!’’

आयुष्यात माझ्यावर इतक्या मोठ्याने कुणी ओरडलेलं मला आठवत नाही. मी मुकाट मागे, चिपाडांच्या ढिगाशी जाऊन उभी राहिले. गाल गरम झाले होते. पुढच्या वाटीत गोळी कडक झाली. चौघांनी काहील उचलून पाक वाफ्यात ओतला, घोटला, आणि मग त्या गृहस्थाने उसाच्या पानावर ऊन गुळाचा गोळा घेऊन थेट माझ्या हातात दिला. ‘‘फुंकर मारून खावा. जीभ भाजंल.’’ पैसे काढले तर पुन्हा तोच आवाज, ‘‘ऱ्हाऊ द्या ओ! पाव्हणं तुम्ही.’’ ऊन गूळ दाताला चिकटतो आणि वितळताना थोडा धुरकट लागतो. तो पोटात जाईपर्यंत गाल निवले.

पाच मिनिटांचा सव्वा तास झाला होता.

पुढे ऊस. ट्रॅक्टर, त्यामागे एक ट्रॉली, तिच्यामागे दुसरी ट्रॉली, दोन्हींवर आभाळाला टेकलेला ऊस आणि पुढे डीजेला लाजवेल असं गाणं. मागे ना दिवा, ना रिफ्लेक्टर. संध्याकाळी हे जीवावरच बेतू शकतं, यात कौतुक काही नाही. त्या मागे आम्ही. नवरा घड्याळ बघतोय, हॉर्न वाजवतोय. घरी हा माणूस हॉर्न वाजवणाऱ्यांवर भाषण देतो. मी त्याला थांबवायला हवं होतं. त्याऐवजी मीच म्हणाले, ‘‘अजून एकदा वाजव.’’

रस्ता रुंद झाला तिथे ट्रॅक्टरवाल्याने डावीकडे घेतलं, गाणं बंद केलं, खाली वाकून ओरडला, ‘‘जावा की आता! किती वाजवतायसा? पोरगं झालंय काय घरात?’’

सहा वाजून दहा मिनिटांनी आम्ही मंगळवार पेठेत. मावशी देवळातून परत येऊन पोळ्या लाटत होती. ‘‘छातीपर्यंत आलं ऊन. झ्याक दिसलं’’, म्हणाली. आमच्याकडे बघितलं. ‘‘गूळ आणलायसा न्हवं? मग झालं तर.’’

११ नोव्हेंबर

पहाटे रंकाळा. तळ्यावर धुकं, पलीकडे शालिनी पॅलेस अर्धवट दिसणारा. चालणाऱ्यांची गर्दी असते, पण उत्तम गर्दी. फक्त एक काका छातीवरच्या खिशात मोबाईल ठेवून पूर्ण आवाजात भक्तिगीतं लावून चालत होते. चुकवावं म्हणून मी वेग वाढवला तर त्यांनीही वाढवला. बहुधा त्यांना वाटलं मला गाणं आवडलंय.

रंकाळ्याकाठच्या नंदीची एक गोष्ट इथे सांगतात. हा नंदी रोज गव्हाएवढा तळ्याकडे सरकतो आणि तांदळाएवढा मागे येतो. ज्या दिवशी तळ्यापाशी पोचेल त्या दिवशी प्रलय. काल महाद्वार रोडवर आमची गाडी साधारण याच चालीने निघाली होती.

तिथून गंगावेशीला दूध कट्ट्यावर. म्हशी रस्त्याकडेला उभ्या, गवळी समोर धार काढतो आणि फेसाळ दूध तसंच ग्लासात. आठ-दहा माणसं भोवती, कुणी कुणाच्या पुढे नाही, पण रांगही नाही. कोण आधी आलं हे सगळ्यांना ठाऊक असतं एवढंच. एक ट्रॅकसूटवाला आला, बाहेरचा असावा. ‘‘भैया, दोन ग्लास, जरा लवकर.’’

गवळ्याने धार थांबवली नाही. ‘‘मला न्हाई, म्हशीला सांगा.’’

तिच्या डोळ्यांवर माशी बसली, तिने मान हलवली. ट्रॅकसूटवाल्यासकट सगळे हसले. त्याचा नंबर आला तेव्हा एका म्हाताऱ्याने आपला भरलेला ग्लास त्याच्यापुढे केला. ‘‘घ्या, तुम्हाला गडबड हाय. मला कुठं जायचंय?’’ तो ‘नको, नको’ म्हणत मागे सरला. शेवटी घेतला, पण उभ्या उभ्या प्यायला नाही. कट्ट्यावर म्हाताऱ्याशेजारी बसला. आम्ही निघालो तेव्हा दोघं ऊसदरावर बोलत होते.

दुपारी चप्पल लाईनीत. २०१९ पासून कोल्हापुरी चप्पल जीआय म्हणजे भौगोलिक मानांकनाच्या नोंदीत आहे, महाराष्ट्र आणि कर्नाटक दोन्ही राज्यांच्या मिळून आठ जिल्ह्यांसाठी. मी घातली, दुकानात चार पावलं चालले आणि म्हटलं, ‘‘टोचतेय. मऊ दाखवा, आज गाडीत घालून जायचीय.’’

‘‘चार दिवस चावणार ताई. तेल लावून घरात घालायची. मग सोडवणार न्हाई.’’

‘‘लगेच घालण्यासारखी नाहीच?’’

‘‘हाय की’’, म्हणाला, आणि रबरी सोलची काढून दाखवली. त्याच्या चेहऱ्यावर जे होतं त्याला मी अपमान म्हणणार नाही. मी पहिलीच घेतली.

जेवण मावशीकडे. तांबडा, पांढरा, सुकं. वाटी रिकामी झाली की ती भरते, नको म्हटलं तरी. मी घड्याळ बघितलं. साडेतीन, देऊळ, मग रात्रीची गाडी, बॅगा भरायच्या. मावशीने हातातलं पळीभर पांढरं तसंच धरून ठेवलं. ‘‘सावकाश होऊ दे. गाडी रात्रीची हाय, आत्ता न्हाई.’’

पाचला देवळात. आज परवाच्यापेक्षा दुप्पट माणसं, शेवटचा दिवस, चेहऱ्याचा दिवस. मावशीने आम्हाला पडद्यासमोर नाही, महाद्वाराच्या बाजूला एका कोपऱ्यात नेऊन उभं केलं. तिथून गाभारा दिसत नाही, पण ऊन कसं आत जातं ते दिसतं. पायरी, मग फरशी, मग आत. सूर्य जितका खाली जातो तितकं आतलं ऊन वर चढतं, हे मला तोवर कळलंच नव्हतं. कुणी धक्का दिला नाही असं नाही. एका बाईने पाठीत कोपर घातलं. मी वळले तर तिच्या कडेवर झोपलेलं पोर होतं आणि तिचा दुसरा हात पिशवीत अडकलेला. मी पिशवी घेतली. आभार वगैरे काही नाही. तिने नुसता मोकळा झालेला हात झटकला आणि पोराला दुसऱ्या खांद्यावर घेतलं.

फरशीवरच्या माणसांना बाजूला करत होते, कारण वाटेत कुणाचं डोकं आलं तरी देवीवर सावली पडते. ‘‘बसा, बसा, खाली बसा!’’ आणि माणसं बसली. मीही बसले, मांडीवर त्या बाईची पिशवी. त्यात मेथीची जुडी होती. आवाज कमी होत होत नुसती कुजबुज राहिली. पश्चिमेला मात्र पांढुरकं मळभ आलेलं.

आतून कुणी तरी मोठ्याने सांगत होतं. गुडघ्यापर्यंत. कमरेपर्यंत. छातीपर्यंत. मग बराच वेळ काहीच नाही. मग, गळ्यापर्यंत.

आणि ऊन गेलं.

पुन्हा आलं नाही. दोन मिनिटं कुणी हललं नाही, मग एकदम सगळे उठले आणि बाहेर पडायची तीच रेटारेटी, जणू स्टेशनवरचा तोच पूल, तोच जिना. आम्ही तिघं कोपऱ्यातच राहिलो. बाईने पिशवी घेतली आणि मेथीतली एक काडी माझ्या ओढणीला चिकटली होती ती काढून टाकली.

‘‘थोडक्यात राहिलं गं’’, मी मावशीला म्हटलं. वाईट वाटलं होतं, खोटं का बोलू. तीन दिवसांत एकदाही धड दिसलं नव्हतं.

मावशी चप्पल शोधत होती. ‘‘मग जानेवारीला ये की. ३१ ला’’, म्हणाली. ‘‘मी जागा धरून हुबा राहतो.’’